पिवळ्या तुकडीची सिस्टर

माझी धाकटी जाऊ रोज दुपारी चार वाजता आपल्या खोलीचं दार लावून घेते आणि आत बसून माणसं वाचवते. हे आता मला माहीत आहे. दोन महिन्यांपूर्वी माहीत नव्हतं, आणि तेव्हा भिंतीपलीकडून जे ऐकू यायचं त्यावरून कुठल्याही शहाण्या बाईला जे वाटलं असतं तेच मला वाटलं. हिचं काहीतरी भलतंच चाललंय.

"सोड त्याला. ओरडतोय ना, मग मरत नाही."

मग जरा शांतता. मग एकदम, घाईने:

"तू का गप्प झालास? बोल. बोल म्हणते ना! आले, आले मी."

आता सांगा. साठ वर्षांची बाई, घरात माझ्याशिवाय चिटपाखरू नाही, तिचा फोन बाहेर टेबलावर पडलेला, आणि आत हे असं बोलणं. मी चौतीस वर्षं कॉलेजात पदार्थविज्ञान शिकवलं. कारणाशिवाय कार्य होत नाही, एवढं तरी मला कळतं.

आम्ही दोघी सख्ख्या जावा. नवऱ्यांच्या माघारी एकाच फ्लॅटमध्ये राहतो. आमच्या खोल्यांमधली भिंत म्हणजे मूळच्या एका मोठ्या खोलीत घातलेला प्लायवूडचा आडोसा. पलीकडे शिंक आली की अलीकडून "जपून" म्हणावं, इतपतच तिची जाडी. जाऊ मोठ्या हॉस्पिटलच्या कॅज्युअल्टीत एकतीस वर्षं होती, शेवटची अकरा वर्षं इन्चार्ज सिस्टर. बिल्डिंगमध्ये तिला अजून सगळे सिस्टरच म्हणतात, तेव्हा मीही तेच लिहिते.

सिस्टर बुटकी, रुंद, आणि चालताना तिच्या पावलांचा आवाज होत नाही. जेवण सात मिनिटांत, तेही अर्धं उभ्याने. चादर अशी घालते की कोपरे बघून हिचा अंथरुणावर राग आहे की काय असं वाटावं. निवृत्त झाल्यावर पहिले सहा महिने तिने बिल्डिंगचं ब्लडप्रेशर घेतलं. तिसऱ्या मजल्यावरचे आजोबा लिफ्टमध्ये ही भेटेल म्हणून गुडघे दुखत असताना जिन्याने जाऊ लागले. पोस्टमनला दारात थांबवून "हात दाखवा. कधीपासून थरथरतोय?" असं विचारलंन्, तर तो दुसऱ्या दिवसापासून पत्रं खालीच ठेवून पळायला लागला. हळूहळू सगळ्यांनी दारं लावून घेतली. मग ती नुसती बसून राहायची, हात मांडीवर उपडे टाकून. ते मला मुळीच आवडत नव्हतं, पण करणार काय? मी काही तिच्यासाठी आजारी पडणार नव्हते.

तेवढ्यात तिची लेक चार दिवस राहून गेली. जाताना आपला जुना कॉम्प्युटर आणि कानाला लावायचे हेडफोन आईच्या खोलीत ठेवून गेली. आणि चारला दार लागायला लागलं.

पहिला संशय, कोणीतरी हिला गंडवतंय. दुसरा संशय लिहायला बरा वाटत नाही, पण आला होता. आमच्या सासूबाई शेवटी शेवटी भिंतीशी बोलायच्या.

मी आडपडदा ठेवला नाही. सरळ विचारलं, "आत काय करतेस?"

"ड्यूटी."

"कसली ड्यूटी?"

"तुम्हाला नाही कळायची, जाऊबाई."

चौतीस वर्षं पदार्थविज्ञान, आणि मला कळायची नाही! मग मी माझी खुर्ची आडोशाला लावून बसायला लागले. हातात वही. शास्त्र म्हटलं की नोंद आली. तारीख, वेळ आणि ऐकलेली वाक्यं. चोरून ऐकणं वाईट हे मला ठाऊक आहे. न ऐकता बसणं त्याहून कठीण होतं.

तिलाही शंका आली असावी. एकदा जेवताना म्हणाली, "माझ्या बोलण्याचा तुम्हाला त्रास होतो का हो दुपारी?"

मी घाईने म्हटलं, "छे! मला हल्ली कानाने कमीच येतं."

झालं. नर्सला असं सांगू नये. त्या घासापासून ती माझ्याशी पलीकडच्या फुटपाथवरच्या माणसाशी बोलावं तशी बोलायला लागली. "मीठ हवंय का? मीठ!" मी मुकाट्याने सोसलं. आपण खणलेल्या खड्ड्यात दुसरं कोण पडणार?

दोन आठवड्यांनी माझा धीर सुटला आणि चहा द्यायच्या निमित्ताने मी दार ढकलून आत गेले. पडद्यावर काळं आकाश, करडी जमीन, आणि पिवळे सूट घातलेली चार माणसं इकडेतिकडे धावत होती. एक आडवं पडलं होतं. दुसऱ्याने त्याच्या छातीवर कसल्याशा बंदुकीने पांढरा फेस मारला, ते उठून पुन्हा धावायला लागलं. फेस मारणारी व्यक्ती म्हणजे आमची सिस्टर. तिच्या पाठीवर लाल चौकोन होता.

तो खेळ होता. एका चंद्रावरच्या वसाहतीसाठी चार-चार जणांच्या तुकड्या लढतात. गोळी लागली की सूटला भोक पडतं, हवा गळते, आणि नव्वद सेकंदांत फेसाने भोक बुजवायला मेडिक पोचली नाही तर माणूस गेला. चौघं चार घरांतून आपापल्या कॉम्प्युटरवरून एकाच वेळी खेळतात. सिस्टरची तुकडी पिवळी. तिचा कप्तान कुठल्याशा शहरात लिफ्ट दुरुस्त करतो. त्याची रात्रपाळी, म्हणून खेळ दुपारी. एक बाई शिवणकाम करते, ती नेमबाज. तिला सगळे शिंपीणच म्हणतात. चौथा एक गप्प माणूस आहे, तो काय करतो कोणालाच माहीत नाही.

"आणि हे सगळं तू मोठमोठ्याने बोलतेस ते कोणाशी?"

"पेशंटशी," ती म्हणाली. "सूट फुटला की त्याला रेडिओवरचं ऐकू येत नाही, त्याचं ओरडणं आम्हाला येतं. मग त्याला फक्त माझ्या सूटवरचा लाउडस्पीकर ऐकू येतो. हे मोठं बटण लाउडस्पीकरचं, हे लहान रेडिओचं."

"चंद्रावर हवा नाही. लाउडस्पीकर ऐकू येईल कसा?"

"जाऊबाई, चहा गार होतोय."

हवेशिवाय ध्वनी! मी कान झाकले नाहीत एवढंच. पण तिचा चेहरा कितीतरी महिन्यांनी जागेवर आलेला दिसत होता, म्हणून भौतिकशास्त्र बाजूला ठेवलं. खुर्ची मात्र जागेवरून हलवली नाही. सवय लागली होती, आणि खरं सांगायचं तर मला आता सामन्यांची गोडी लागली होती.

एका गुरुवारी ती साडेचारलाच बाहेर आली. चहा घेतला नाही. ओट्यापाशी जाऊन धुतलेली भांडी पुन्हा धुवायला लागली.

"काय झालं?"

"मला फितूर म्हणतात," ती म्हणाली. पहिल्यांदाच माझ्याशी हळू बोलली.

हकिगत अशी. साखळी सामने चालू होते. पिवळी तुकडी बाकी सगळ्यांना हरवत होती, पण निळ्यांसमोर खाणीच्या मैदानावर खेळायचं असलं की दाणकन आपटत होती. एकदा नव्हे, चार वेळा. पिवळे ज्या बोगद्यातून जायचे तिथे निळे आधीच दबा धरून बसलेले. कोणीतरी बेत फोडतंय हे उघड होतं. कोण? शिंपिणीने सुईत दोरा घालावा तसं नेमकं विचारलं, "आपल्यात नवीन कोण आलंय?"

त्यावर तिने दाखले काढले. सिस्टर ओरडणाऱ्याला पडू देते आणि गप्प पडलेल्याकडे आधी जाते. शिंपीण स्वतः दोनदा ओरडत मेली होती. सिस्टर म्हणाली, कॅज्युअल्टीत पहिला धडा हाच असतो. ओरडतो त्याचा श्वास चालू आहे, गप्प पडलाय त्याला आधी बघा. शिंपीण म्हणाली, "बाई, हा खेळ आहे. गप्प पडलेला माणूस पाणी प्यायला उठलेला असतो!" दुसरा दाखला म्हणजे निळ्यांच्या कप्तानाने सिस्टरला निरोप पाठवला होता की आमच्याकडे या, तुमच्यासारखी मेडिक आम्हाला हवी. हे तिने कोणाला सांगितलं नव्हतं, ते भलतीकडूनच कळलं. आणि तिसरा दाखला कप्तानाचा. बुधवारी त्याने मुद्दाम बाकीच्या दोघांना काहीच सांगितलं नाही, फक्त सिस्टरला सांगितलं की डाव्या बोगद्याने जायचं. निळे चारही जण डाव्या बोगद्यात हजर.

"म्हणजे सापळा लावला," मी म्हटलं.

"लावला. आणि मी सापडले." तिने ताट पालथं घातलं. "रविवारी अकराला शेवटचा सामना, निळ्यांशीच, त्याच खाणीत. दहाला ते ठरवणार, मला ठेवायचं की काढायचं. एक राखीव मुलगी तयार आहे त्यांच्याकडे."

"मग सोडून दे. खेळच तो."

ती माझ्याकडे वळली. "जाऊबाई, वॉर्डातल्या मॉर्फिनची किल्ली अकरा वर्षं माझ्या कमरेला होती. एक अँप्यूल कधी कमी भरलं नाही. वय झालं म्हणून काढलं तर मी चालती होईन. फितूर म्हणून काढलं तर नाही जाणार."

आणि मी काय विचारावं? संशय हा असा असतो, एकदा घरात शिरला की पाहुण्यासारखा पाय पसरतो. मी विचारलं, "पण त्या निळ्याच्या निरोपाचं तू सांगितलं का नाहीस?"

"दुसऱ्या हॉस्पिटलचं बोलावणं आलं तर मी वॉर्डभर सांगत फिरायची का?" ती म्हणाली. मग हात पुसत, "म्हणजे चौकशी घरातही चालू आहे तर." आणि खोलीत निघून गेली. दार वाजलंसुद्धा नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी वही काढून बसले. हेतू चांगला नव्हता. निळ्यांशी तिचं काही बोलणं ऐकल्याचं सापडतंय का तेच बघत होते. बुधवारचं पान उघडलं. माझ्याच अक्षरात लिहिलेलं: "डावा बोगदा. चौघं एकदम. मी शेवटी. वीस सेकंदांनी फेस."

वाचून मी थांबले. सामना सुरू व्हायच्या आधीची वेळ होती. हा बेत कप्तानाने तिच्या कानात, हेडफोनमध्ये सांगितलेला. कप्तानाचा आवाज मला कधीच ऐकू येत नाही. मग मला कसा कळला?

मागची पानं उलटली. प्रत्येक सामन्याआधी बेत होता, शब्दन् शब्द. "उजवीकडून वर. शिंपीण छतावर. मी पायऱ्यांशी." ही बाई मिळालेली प्रत्येक ऑर्डर मोठ्याने परत म्हणत होती! आणि का ते मला माहीत होतं, कारण लग्न होऊन आली त्या वर्षी तिनेच अभिमानाने सांगितलं होतं. मेट्रनने तिला शिकवलं होतं, डॉक्टरने तोंडी ऑर्डर दिली की आधी तुझं तोंड चालायला हवं, मग हात. परत म्हटल्याशिवाय सुई उचलायची नाही. एकतीस वर्षं ती तेच करत आली. आमच्याकडे किराणा सांगितला तरी ती परत म्हणते, "साबण दोन, साखर एक." आमच्या कुणाच्या लक्षातही येत नाही आता.

म्हणजे कोडं सुटत आलं होतं. फक्त हे पुराव्यानिशी सांगायचं तर वही दाखवावी लागणार. आणि वही दाखवली की मी दोन महिने कुठे कान लावून बसले होते तेही दिसणार, आणि माझं बहिरेपणही. शनिवार मी गप्प राहण्यात घालवला. स्वतःला सांगितलं की ती स्वतःच शोधून काढेल, तिला अक्कल आहे. मनातून ठाऊक होतं की नाही काढणार. श्वास घेतल्याचं कोणाला आठवतं?

रविवारी दहाला पाच कमी असताना मी तिच्या खोलीत गेले. ती इस्त्रीची साडी नेसून कॉम्प्युटरसमोर बसली होती, जणू चौकशी समितीपुढे.

"तुझ्या त्या लोकांना मला काही सांगायचंय."

"काय? काय सांगायचंय?" ती ओरडली.

"ओरडू नकोस. मला उत्तम ऐकू येतं."

तिने माझ्याकडे बघितलं. वहीकडे बघितलं.  हेडफोनची पिन काढून आवाज खोलीत सोडला.

"कप्तान, माझ्या मोठ्या जाऊबाई आहेत इथे. त्यांना बोलायचंय."

"बोला, आजी," एक थकलेला पुरुषी आवाज आला. रात्रपाळी करून आलेला माणूस.

"तुमचा बुधवारचा बेत मी वाचून दाखवते," मी म्हटलं, आणि वाचला. मग त्याआधीचे तिन्ही. 

"हे मी शेजारच्या खोलीत बसून ऐकलंय," मी म्हटलं. "सिस्टर तुमची प्रत्येक ऑर्डर मोठ्याने परत म्हणतात. नर्सची रीत आहे ती. मला भिंतीतून कळतं, तर तुमच्या निळ्यांना का कळू नये?"

"घरचीच साक्षीदार!" हा बाईचा आवाज, म्हणजे शिंपीण. "आजी, सिस्टरनी तुम्हाला आधी सांगून ठेवलं असेल. वही काय, आज सकाळीही लिहिता येते."

रागावण्यासारखंच होतं ते, पण मुद्दा बरोबर होता. माझ्या वर्गात असती तर मी तिला शाबासकी दिली असती.

"मग प्रयोग करा," मी म्हटलं. "मी माझ्या खोलीत जाते. सिस्टर पिन परत लावतील. तुम्ही त्यांना कोणताही बेत सांगा. त्यांनी नेहमीसारखं वागायचं. मग मी येऊन काय ऐकलं ते सांगते."

मी गेले. दार लावलं. खुर्चीत बसले. मिनिटभराने भिंतीतून तिचा आवाज आला, नेहमीचा, ठाम, परीक्षा चालू आहे हे माहीत असूनही तसाच: "खालचा पंपहाउस. शिंपीण आणि मी. तुम्ही दोघं चाळीस सेकंद मागे. पंप बंद पडला तर परत फिरायचं."

मी लिहून घेतलं, परत गेले आणि वाचून दाखवलं.

कप्तान म्हणाला, "सिस्टर, हे म्हणताना तुम्ही कुठलं बटण दाबलं होतं?"

"मोठं."

"लाउडस्पीकरचं?"

"माझा अंगठा तिथेच असतो. पेशंट कधी पडेल सांगता येत नाही."

"अगं बाई!" शिंपीण म्हणाली. "खाणीत आपली आणि निळ्यांची सुरुवातीची खोली पाठीला पाठ लावून आहे. पत्र्याची भिंत. रेडिओ चालू असला की आपल्याच माणसाचा लाउडस्पीकर आपल्याला ऐकू येत नाही, त्यांना येतो. आपण त्यांना रोज लाउडस्पीकरवर बेत वाचून दाखवत होतो!"

सिस्टरचा चेहरा मी बघितला. सुटल्याचा आनंद त्यावर नव्हता. चार सामने आपल्या तोंडामुळे गेले, हे तिला आत्ता कळलं होतं. निर्दोष ठरली आणि गुन्हा तिचाच निघाला.

कप्तान मात्र हुशारून बोलायला लागला. "मग तर आज मजाच! सिस्टर, आज मी तुम्हाला खोटा बेत सांगतो, तुम्ही तो लाउडस्पीकरवर नेहमीसारखा परत म्हणा. निळे तिकडे धावतील, आपण इकडून."

"नाही," सिस्टर म्हणाली.

"नाही म्हणजे?"

"पाळायची नसेल ती ऑर्डर मी तोंडातून काढत नाही. कधी काढली नाही. तेवढ्यासाठीच ठेवणार असाल तर त्या राखीव मुलीला बोलवा."

मी तिला कोपराने ढोसलं. हातातोंडाशी आलेलं ही लाथाडत होती! घड्याळात साडेदहा झाले होते. तिने माझं कोपर बाजूला केलं, आणि पडद्याकडे बघत ताठ बसून राहिली.

आधी शिंपीणच बोलली. "राहू दे, कप्तान. उद्या मी जखमी पडेन आणि ही बाई म्हणेल, सूटमध्ये हवा आहे, तर ती खरंच असलेली बरी."

"ठीक आहे," कप्तान म्हणाला. "सिस्टर, ऑर्डर परत म्हणा, पण रेडिओच्या बटणावर."

"परत म्हणते, पण रेडिओच्या बटणावर," सिस्टर म्हणाली.

"आणि... चुकलं आमचं."

"ते सामन्यानंतर. आत्ता बेत सांगा." आणि मान न वळवता मला, "जाऊबाई, तुम्ही बाहेर."

मी स्वयंपाकघरात जाऊन बसले. खोलीत जायची हिंमत झाली नाही. तासाभराने ती बाहेर आली. जिंकले होते. कप्तान शेवटपर्यंत हेडफोनात बोंबलत होता, म्हणून त्याच्याकडे ती सगळ्यांत शेवटी गेली आणि तो पाच सेकंद राहिलेले असताना वाचला. शिंपिणीने पुढच्या साखळीसाठी तिचं नाव आधीच टाकलं होतं.

"मग झालं की मनासारखं," मी म्हटलं.

तिने हात पुढे केला. मी वही दिली. ती ओट्याला टेकून पहिल्या पानापासून वाचायला लागली, उभ्याने, घाई न करता, ड्यूटी बदलताना आधीच्या पाळीचा रिपोर्ट वाचतात तशी. आठव्या पानावर मी लिहिलेलं होतं, "बुद्धी फिरली असावी?" तिथे ती थांबली. मी खिडकीबाहेर बघितलं.

"प्रश्नचिन्ह घातलंत, तेवढी कृपा," ती म्हणाली. अगदी हळू, ओठांतल्या ओठांत. मला ऐकू आलं, आणि ऐकू आलं हे तिला दिसलं.

"पाच आठवडे मी जेवताना घसा फोडतेय."

मी टेबलावरचं मिठाचं भांडं सरळ केलं.

"उठा," ती म्हणाली. "तुमच्या खोलीतलं ते लोखंडी कपाट आडोशाला लावायचंय. एकटीने हलणार नाही."

"अगं, पण तिथे माझी खुर्ची..."

"खुर्ची खिडकीशी जाईल. उजेड बरा आहे तिथे. मी उजवीकडून, तुम्ही डावीकडून. तीन म्हटलं की ढकलायचं."

"तू उजवीकडून, मी डावीकडून, तीनला ढकलायचं," मी म्हटलं.

तिने माझ्याकडे संशयाने बघितलं. मग तीन म्हणाली, आणि मी ढकललं.